बंद संस्थेच्या माळावर पायवाटा : आधी कागद, मग पाणी, मग टिकाव

पहाटे साडेपाचला आमच्या गावातल्या बायका कोरेगाव रस्त्याच्या कडेने चालायला निघतात. डॉक्टरांनी कुणाला साखरेसाठी चालायला सांगितलंय, कुणाला गुडघ्यासाठी. कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्यांच्या अंगाला घासून जातात. मागची बाई पुढचीचा दंड धरून तिला गटारीकडे ओढते, ट्रॅक्टर गेला की पुन्हा चालणं सुरू. त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर ४० एकरांचा माळ कित्येक वर्षं कुलपात पडून होता. तिथे पूर्वी एक निवासी संस्था होती. मुलं घटली, अनुदान आटलं, आणि एका उन्हाळ्यात फाटकाला साखळी लागली.

अशा जागेवर सगळ्या गावाला चालता येईल असं पायवाटांचं जाळं करायचं, तर काय काय करावं लागतं? गेली तीन वर्षं मी हेच शिकतोय. ऐकताना वाटतं, झुडपं काढा, वाट पाडा आणि चाला. पण यातलं निम्मं काम कागदांचं आहे आणि उरलेलं निम्मं पाण्याचं. टिकाव मारायची वेळ बरीच उशिरा येते.

आधी थोडं या जागांविषयी. जुन्या संस्था बहुतेक गावाबाहेर, चढावर, वाऱ्याच्या माळावर असतात. क्षयरोगाचंच बघा. औषध नव्हतं तेव्हा कोरडी मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच उपचार होता. म्हणून पाचगणीला, सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामं उभी राहिली. रोग्याला जरा बरं वाटू लागलं की आवारात रोज थोडं थोडं वाढवत चालायला लावायचं, हाही त्या काळच्या उपचाराचा भाग होता. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. पुढे मद्रासच्या संशोधन केंद्राने घरी राहून औषध घेणारे रोगी आणि आरोग्यधामात ठेवलेले रोगी यांची तुलना केली. घरी राहूनही रोगी तितकेच बरे होतात, हा निष्कर्ष १९५९ मध्ये छापून आला, आणि जगभरच्या आरोग्यधामांची गरज ओसरत गेली. आवारं मात्र तिथेच राहिली.

साताऱ्याकडच्या शिक्षणसंस्थांची गोष्ट वेगळी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही रीत इथल्या मातीत रुजवली. त्या पिढीतल्या वसतिगृहांच्या आवारातल्या विहिरी, ताली (उतारावर माती अडवणारे बांध) आणि झाडांमागे पुष्कळदा शिकणाऱ्या पोरांचाच घाम आहे. आमच्या माळावरच्या दगडी ताली मुलांनीच रचल्यात, असं आप्पा सांगतात. आप्पा तिथे शिपाई होते आणि आता राखणदार आहेत. वाट आखताना आम्ही एकही ताल फोडलेली नाही, त्याचं कारण हेच.

गावात बैठक घेतली की बोलणं हटकून इमारतींवर जातं. कुणाला तिथे वाचनालय हवं असतं, कुणाला मंगल कार्यालय, कुणाला व्यायामशाळा. मग खर्चाचा आकडा येतो आणि बैठक संपते. परदेशातली दोन उदाहरणं या ठिकाणी कामाला येतात. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर किंग्ज पार्क हे मोठं मनोरुग्णालय होतं. ते १८८५ मध्ये सुरू झालं आणि १९९६ मध्ये बंद पडलं. त्याची नदीकाठची जमीन पुढे राज्याचं उद्यान झाली. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या कुलूपबंद इमारतींच्या शेजारून लोक तिथे चालतात, सायकली चालवतात. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचं मनोरुग्णालयही १८८५ चंच, ते १९८९ मध्ये बंद झालं. तिथल्या जुन्या इमारतींत पुढे दुकानं आणि घरं झाली, भोवतालच्या जंगलात पायवाटा राहिल्या. एका ठिकाणी इमारती वापरात आल्या, दुसरीकडे बऱ्याचशा तशाच उभ्या राहिल्या, पण चालणारे दोन्हीकडे आहेत. आपल्याकडेही मुंबईत माहीम-धारावीच्या कडेला ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं, त्याआधी तिथे शहराचा कचरा पडायचा.

म्हणून माझं ठाम मत आहे की इमारतींचा निर्णय लागेपर्यंत जमीन अडवून ठेवू नये. इमारतींभोवती पक्कं कुंपण घालावं आणि उरलेला माळ लोकांना चालायला द्यावा.

जमीन कुणाची, आणि कशासाठी दिलेली

सगळ्यात आधी सातबारा काढायचा. शहरात असाल तर मिळकत पत्रिका. भोगवटादार वर्ग १ (मालकाला मोकळेपणाने विकता-देता येणारी जमीन) आहे की वर्ग २ (सरकारी निर्बंध असलेली), आणि 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय, ते वाचायचं. मग फेरफार काढत मागे मागे जायचं, जमीन संस्थेकडे मुळात आली कशी हे कळेपर्यंत. इथे साधारण तीन वाटा फुटतात.

जमीन सरकारने ठरावीक कामासाठी दिलेली असेल, तर त्या आदेशातल्या अटी आजही लागू असतात. शाळेसाठी दिलेल्या जमिनीवर दुसरं काही केलं तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाताच येत नाही. जमीन सार्वजनिक न्यासाची असेल, तर १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागतो. त्याच्या कलम ३६ नुसार न्यासाची जमीन विकायची, बक्षीस द्यायची, किंवा बिगरशेती जमीन ३ वर्षांहून जास्त आणि शेतजमीन १० वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. विश्वस्तांनी तोंडी 'घ्या करून' म्हटलं, म्हणून काही होत नाही. आणि जमीन खाजगी दान असेल, तर दानपत्रातल्या अटी आणि दात्याचे वारस, दोन्हीकडे बघावं लागतं.

आमची जमीन न्यासाची निघाली. विश्वस्त माणसं चांगली होती, पण त्यांच्या मनात एक भीती घर करून होती. आपल्या भागात ती प्रत्येक शेतकऱ्याला असते. आज बांधावरून वाट दिली, तर उद्या तिचा रस्ता होणार आणि परवा तहसीलदारांकडे दावा उभा राहणार. ही भीती खोटी नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखादी वाट २० वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरली, तर वहिवाटीचा हक्क तयार होऊ शकतो. यातला 'हक्क म्हणून' हा शब्द महत्त्वाचा. मालकाच्या परवानगीने केलेला वापर हा हक्क म्हणून केलेला वापर ठरत नाही. म्हणजे मालकाला जपायचं असेल, तर चालणाऱ्यांकडे काणाडोळा करण्यापेक्षा लेखी परवानगी दिलेली बरी. हे कळल्यावर विश्वस्तांचा सूर बदलला. आम्ही दर वर्षी नव्याने करायचा साधा करार केला. त्यात फक्त चालण्याची मुभा आहे. ताबा नाही, बांधकाम नाही, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चालायचं ते लिहिलंय. पुढे सगळं नीट चाललं तर लांब मुदतीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे जायचं, असं ठरलंय.

कागदांतच आणखी एक चीज हाती लागते, ती म्हणजे गाव नकाशा. त्यावर दुहेरी तुटक रेषा असेल तर ती गाडीवाट, एकेरी तुटक रेषा असेल तर पायवाट. आमच्या माळावरून एक एकेरी रेषा वरच्या वस्तीकडे जाते, आणि ती संस्थेच्याही आधीची आहे. शहरातल्या जागेसाठी विकास आराखड्यात त्या जमिनीवर आरक्षण आहे का, तेही बघावं लागतं.

आधीपासून कोण चालतंय?

बंद आवार कधी पूर्ण बंद नसतं. आमच्या कुंपणाला चार भगदाडं होती, आणि प्रत्येकाला कारण होतं. एकातून मेंढरं जायची. एकातून वरच्या वस्तीवरच्या बायका सरपणाला यायच्या. तिसऱ्याजवळ म्हसोबा होता, आणि चौथ्यातून पोरं क्रिकेटला जायची. नकाशावर पहिल्यांदा याच वाटा काढायच्या. माणसं आणि जनावरं ज्या वाटेने वर्षानुवर्षं जातात, त्यामागे बहुधा काहीतरी शहाणपण असतं. शिवाय सुशोभीकरणाच्या नावाखाली सरपणवालीची वाट बंद केली, तर ते काम गावाचं राहत नाही. मेंढरांची वाट आम्ही तशीच ठेवली आणि चालणाऱ्यांची वाट तिला एकाच जागी ओलांडेल अशी आखली.

मग धोके शोधत हिंडायचं. ओसाड विहिरीला कठडा आणि जाळी हवी. संडासाच्या टाक्यांवरच्या फरश्या वरून शाबूत दिसतात, पण माणसाच्या वजनाने खचतात. त्या हुडकून आधी भरून घ्यायच्या. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रे फोडले, घासले की त्याची धूळ फुप्फुसात जाते. तेव्हा श्रमदानात उत्साहाच्या भरात ते उतरवायचे नाहीत. जाणकार माणसं आणायची, नाहीतर तिकडे फिरकायचंच नाही. जागा जुन्या दवाखान्याची असेल तर कचऱ्याच्या खड्ड्यांत खणू नये. क्षयरोगाच्या आवाराबद्दल लोक फार घाबरतात, पण तो रोग खोकणाऱ्या रोग्याकडून हवेतून पसरतो. वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या भिंतींतून कुणाला क्षय होत नाही.

पाणी कुणाला विचारून जात नाही

आता मूळ मुद्दा. आणि इथेच आम्ही चुकलो होतो.

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही फाटकापासून वरच्या जुन्या टाकीपर्यंत नाकासमोर सरळ वाट काढली. १०० मीटर अंतर, २० मीटर चढ. दोन रविवार ३० माणसं राबली. वाट देखणी झाली होती, कडेला चुना मारलेले दगडसुद्धा लावले होते. जूनअखेरीस तिच्या मधोमध बोटभर चर पडली. जुलै संपता संपता तिथे नडगीइतकी खोल ओघळ झाली होती आणि तिच्यातला सगळा मुरूम खाली फाटकाशी येऊन पडला होता. आप्पा ओघळीच्या काठावर उभे राहून म्हणाले, "पाणी काय कुणाला इचारून जात न्हाय बाबा. तुमी त्येला घसरगुंडी करून दिली."

डोंगरावर पडलेलं पाणी पसरून, पातळ थराने खाली येतं. त्यात ताकद नसते. उताराला सरळ वाट पाडली की चारी बाजूंचं पाणी तिच्यात गोळा होतं, वेग धरतं आणि माती उचलतं. जगभर पायवाटा करणारे लोक यासाठी एक साधा हिशेब वापरतात : वाटेचा चढ हा डोंगराच्या त्या जागच्या चढाच्या निम्म्याहून कमी ठेवायचा. डोंगर १० मीटरला २ मीटर चढत असेल, तर वाट १० मीटरला १ मीटरच्या आतच हवी. त्याहून चढी झाली की पाण्याला वाट ओलांडून खाली जाण्यापेक्षा वाटेवरूनच धावणं सोपं पडतं. म्हातारी माणसं आणि गुडघेदुखी धरली तर २० मीटरला १ मीटर हा चढ उत्तम. मग आमच्या टाकीकडे जायला १०० मीटरऐवजी ४०० मीटर वाट लागते. ती डोंगराच्या कुशीने तिरकी जाते आणि वळते. लांबी वाढते याचं वाईट वाटायला नको, आपण चालायलाच तर आलोय.

हे सगळं पुस्तकात वाचताना मला एकदम उमगलं की हे तर आपल्याला येतं. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, आमच्याच कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं होतं. त्या उन्हाळ्यात आणि नंतरच्या उन्हाळ्यांत कोरेगाव, माण, खटावच्या गावागावांत माणसांनी सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले खंदक, खणले. ज्या हातांनी ए-फ्रेम धरून समपातळी रेषा काढल्या, खुणेसाठी चुन्याची फक्की मारली, तेच हात पायवाट आखू शकतात. चर खणताना पाणी अडवायचं असतं, वाट करताना ते अलगद पलीकडे सोडायचं असतं. फरक काय तो एवढाच.

ए-फ्रेम म्हणजे ए या इंग्रजी अक्षरासारखे बांधलेले तीन बांबू. दोन पायांत बरोबर २ मीटर अंतर, मधे आडवी काठी, आणि शेंड्यावरून सुतळीला बांधलेला दगड. दोन्ही पाय एका पातळीवर असले की सुतळी आडव्या काठीवरच्या खुणेवर येते. वाटेला चढ द्यायचाय, म्हणून आम्ही एका पायाला १० सेंटिमीटरचा ठोकळा बांधला. ठोकळ्याचा पाय नेहमी उताराकडच्या बाजूला ठेवायचा. सुतळी खुणेवर आली, की त्या २ मीटरांत जमीन बरोबर १० सेंटिमीटर उतरली, म्हणजे २० ला १. तिथे फक्कीचा ठिपका मारायचा, फ्रेम एका पायावर गोल फिरवून पुढचा ठिपका शोधायचा. वॉटर कपच्या वेळी हे काम शिकलेली दोन पोरं आणि एक ताई, अशा तिघांनी एका सकाळीत सगळे ४०० मीटर आखले.

खणतानाही पाण्याकडेच लक्ष ठेवायचं. वाट डोंगराच्या अंगात कोरून काढायची आणि निघालेली माती खाली उताराला पसरून टाकायची. त्या भरावावर वाट न्यायची नाही, पहिल्याच पावसात तो बसतो. वाट मीटरभर रुंद असेल तर तिची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ४-५ सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे डोंगरावरून आलेलं पाणी वाट ओलांडून तसंच खाली जातं. यासाठी आमची एक परीक्षा आहे. पाण्याची भरलेली बाटली वाटेवर लांबीच्या दिशेने आडवी ठेवायची आणि सोडायची. बाहेरच्या बाजूला घरंगळली तर वाट पास. जागेवर बसून राहिली किंवा आत डोंगराकडे गेली, तर पुन्हा खोरं उचलायचं. शिवाय चढत जाणारी वाट ठरावीक अंतराने दोन-तीन पावलं मुद्दाम खाली उतरवायची आणि मग पुन्हा चढवायची. चालणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही, पण वाटेवर चुकून धावू लागलेलं पाणी त्या खोलगट जागी येऊन बाहेर पडतं.

अर्थात जमीन बघून हे सगळं बदलतं. सांगलीकडे पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास, पण काळी माती आहे. पावसात ती फुगते, बुटाला चिकटते, आणि लोक चिखल टाळत टाळत वाट रुंद करत नेतात. तिथे दगड-मुरूम घालून वाट उचलून घ्यावी लागते. महाबळेश्वरच्या अंगाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खाली जांभा. तिथे पाण्याला वारंवार बाहेर काढल्याशिवाय काही टिकत नाही. पेव्हर ब्लॉकचा मोह मात्र दोन्हीकडे टाळावा. निधी खर्च झाल्याचं त्यात दिसतं खरं, पण खालून माती गेली की ब्लॉक डुगडुगतात आणि म्हातारं माणूस त्यालाच अडखळून पडतं. सपाट भागातली एक छोटी फेरी चाकाच्या खुर्चीला जाईल अशी घट्ट आणि सलग करावी. बाकीची वाट मातीचीच राहू द्यावी.

जागा किती लागते, हाही प्रश्न येतो. ४० एकर म्हणजे साधारण १६ हेक्टर, सव्वा मीटरहून थोडी अरुंद अशी ५ किलोमीटर वाट काढली तर ती ६००० चौरस मीटर व्यापते, म्हणजे दीड एकर. बाकी साडेअडतीस एकर तितरांचे, सशांचे आणि गवताचे. एकच लांब वाट करण्यापेक्षा एकात एक गुंफलेल्या फेऱ्या कराव्यात : फाटकाजवळ १ किलोमीटरची सपाट, तिला जोडून ताली आणि विहिरीकडून जाणारी अडीच किलोमीटरची, आणि दम असेल त्याला टाकीपर्यंतची. कुणालाही कुठूनही लवकर परत फिरता आलं पाहिजे.

माणसं किती यावीत याचा विचार आधीच करावा. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली, आणि तिथे घातलेलं कुंपण पुढे काढावंही लागलं. आमच्या माळावर तशी गर्दी होणार नाही, पण पाखरं घरटी करतात ती वरची बाजू आम्ही वाटेशिवायच ठेवली आहे. घाणेरी फक्त वाटेच्या दोन्ही अंगांना हातभर काढतो. घोणस दिसावी इतपत मोकळीक पुरते. फेब्रुवारीत वणव्याचे दिवस सुरू व्हायच्या आत वरच्या कडेच्या वाटेचं गवत रुंद पट्ट्यात कापून घेतो, म्हणजे तीच जाळरेषा होते. दिवे लावलेले नाहीत. दिवस मावळला की फाटक बंद.

खर्चाचं म्हणाल तर टिकाव, खोरी, घमेली गावात होती. विकत घ्यावी लागली ती विहिरीची जाळी, टाक्या भरायचं सामान आणि फलकांचा पत्रा. खरी गरज दर वर्षीच्या देखभालीची असते आणि तिला कुणी निधी देत नाही. त्यासाठी आम्ही वाटेचे आठ तुकडे केलेत आणि आठ आळ्यांना वाटून दिलेत. आपल्या आळीच्या तुकड्यावर पाणी तुंबलं, तर खोरं त्या आळीने आणायचं.

यंदा जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात आम्ही सहा जण छत्र्या आणि खोरी घेऊन नव्या वाटेने वर गेलो. वाट तपासायला पावसासारखी दुसरी वेळ नाही, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते डोळ्यांसमोर दिसतं. ४०० मीटरांत तीन ठिकाणी ते वाटेवर थांबत होतं. दोन ठिकाणी बाहेरच्या कडेला मातीची बारीक वरंब साचली होती, ती खोऱ्याने ओढून काढली तसं पाणी लगेच खाली गेलं. तिसरी जागा वळणावरची आहे, तिथे वाट अजून दीड-दोन हात वर सरकवावी लागेल. आप्पांनी तिथे खूण म्हणून एक दगड उभा करून ठेवलाय. पाऊस उघडला की पुन्हा ए-फ्रेम काढायची आहे.